विषम चाकांची पायगाडी

संसाराला रथाची उपमा देण्याची आपल्याकडील रूढि फार जुनी आहे. पति आणि पत्नी हीं त्या रथाचीं दोन चाकें. त्यांतील एक लहान आणि एक मोठें असेल, तर रथ एका अंगास कलेल आणि वाट सोडील, हा त्या उपमेंतील भाव. बैलगाडीच्या बाबतींत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. एकाच आंसाच्या दोन टोकांना बसविलेलीं चाकें सारख्या मापाचीं नसतील, तर गाडी सरळ चालणारच नाहीं. म्हणून सुतार दोन्ही चाकांचे आरे मोजून घेतो आणि लोहार दोन्ही धावा एकाच मापाच्या करतो. परंतु चाकें जेव्हां एकमेकांच्या शेजारीं नसून एकामागें एक असतात, तेव्हां हा निर्बंध उरत नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरून पूर्वीं धांवणारी व्हिक्टोरिया गाडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना आठवेल कीं, तिचीं पुढचीं चाकें मागच्या चाकांहून लहान असत. वळतांना पुढचीं चाकें गाडीच्या अंगाखालीं फिरावीं, यासाठीं ती योजना होती.

पायगाडी, म्हणजे आपली नेहमींची सायकल, हिचीं दोन्ही चाकें एकामागें एक एकाच रेषेंत धांवतात. पुढच्या चाकाचें काम दिशा दाखविण्याचें, मागच्याचें काम गति देण्याचें. तीं दोन्ही समान असलींच पाहिजेत, असा सृष्टीचा कोणताही नियम नाहीं. तरीहि सायकल म्हटली कीं डोळ्यांपुढें दोन सारखीं चाकें उभीं राहतात. ही समता कोठून आली, तिच्यासाठीं किती खटपटी झाल्या, आणि पुढें ती मोडूं पाहणाऱ्यांच्या वांट्यास काय आलें, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

या वाहनाचा आरंभ समतेनेंच झाला. जर्मनींतील मानहाइम येथें १८१७ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेस कार्ल फॉन ड्राइस नांवाच्या सरदारानें एका लांकडी यंत्रावर बसून फेरफटका केला. दोन सारखीं चाकें, त्यांना जोडणारी एक तुळई, आणि तिच्यावर बसावयास जागा, एवढेंच तें यंत्र होतें. त्याला पेडल नव्हतें. स्वारानें जमिनीला पायांनीं रेटा देत पुढें जावयाचें. माणूस चालतो त्याहून वेगानें जाई, आणि दोन चाकांवर तोल राखतां येतो ही नवी गोष्ट जगाला कळली. परंतु पाय जमिनीवरून उचलण्याची युक्ति निघावयास आणखी जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाच्या आंसालाच पेडल बसविलेल्या सायकली होऊं लागल्या. मिशो यांच्या कारखान्याचें नांव त्यांच्याशीं निगडित आहे; आणि पिएर लालमां या फ्रेंच कारागिरानें १८६६ सालीं अमेरिकेंत जाऊन अशाच यंत्राचें पेटंट मिळविलें. त्या गाड्यांच्या लांकडी चाकांवर लोखंडी धावा असत. दगडी फरसबंदीवरून त्या चालूं लागल्या कीं स्वाराचीं हाडें खिळखिळीं होत, म्हणून इंग्लंडांतील लोकांनीं त्यांना ‘हाडें हालविणारी गाडी’ असेंच नांव ठेवलें.

पेडल पुढच्या आंसाला जोडलें गेलें, आणि तेथेंच चाकांच्या समतेचा अंत झाला. याचें कारण समजण्यास शाळेंतील साधें गणित पुरेसें आहे. पेडल चाकाच्याच आंसावर असेल, तर पायांची एक फेरी झाली म्हणजे चाकाचीहि एकच फेरी होणार. एका फेरींत गाडी किती पुढें जाईल, हें चाकाच्या परिघावरून ठरणार. चाकाचा व्यास ३६ इंच असेल, तर एका फेरींत गाडी सुमारें साडेनऊ फूट जाईल. व्यास ६० इंच असेल, तर पावणेसोळा फूट जाईल. पाय तितक्याच वेळां हलवून अधिक अंतर तोडावयाचें असेल, तर चाक मोठें करण्यावांचून दुसरा उपाय नव्हता. मागच्या चाकाला मात्र गाडी सांवरून धरण्यापलीकडे कांहीं काम उरलें नाहीं. मग त्याचें वजन उगीच कशाला वागवावयाचें? म्हणून पुढचें चाक वाढत गेलें आणि मागचें आटत गेलें.

लांकडाचें चाक इतकें वाढवितां आलें नसतें. तें फार जड झालें असतें. येथें दुसऱ्या एका शोधानें साहाय्य केलें. बैलगाडीच्या चाकांत भार पेलतो तो तुंब्याखालचा आरा. तो खांबासारखा दाबला जातो, म्हणून जाड असावा लागतो. १८६९ सालीं पॅरिसमधील यूजेन मेयर यानें तारेच्या आऱ्यांच्या चाकाचें पेटंट घेतलें. यांत तुंबा सर्व बाजूंनीं ताणलेल्या तारांच्या जाळ्यांत टांगलेला असतो. तार दाबली तर वांकते, परंतु ताणली तर फार मोठा भार सोसते. या तत्त्वामुळें चाक एकाच वेळीं मोठें, हलकें आणि मजबूत होऊं शकलें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवीं जेम्स स्टार्ली यानें विल्यम हिलमन याच्यासह १८७० सालीं ‘एरियल’ नांवाच्या सायकलीचें पेटंट घेतलें, आणि १८७४ सालीं आरे तुंब्यांतून सरळ न काढतां तिरपे काढण्याची पद्धति बसविली. पेडलाचा जोर सरळ आऱ्यांना पिळून टाकी. तिरप्या आऱ्यांनीं तो नीट पेलला. ही तिरप्या आऱ्यांची बांधणी आपल्या घरच्या सायकलींतहि दिसते.

याप्रमाणें जी सायकल तयार झाली, तिचें पुढचें चाक ५० ते ६० इंच व्यासाचें आणि मागचें सोळा-अठरा इंचांचें असे. इंग्रजी नाण्यांपैकीं पेनी हें मोठें आणि फार्दिंग हें लहानसें. तीं दोन शेजारीं ठेवावीं तशी ही गाडी दिसे, म्हणून तिला पुढें ‘पेनी-फार्दिंग’ म्हणूं लागले. चाकाची मोठाई अखेर एकाच गोष्टीनें मर्यादित होई, ती म्हणजे स्वाराच्या पायाची लांबी. उंच माणसाला मोठें चाक, म्हणजेच अधिक वेग. बुटक्याला लहान चाक, म्हणजेच कमी वेग. कापड बेतावें तशी सायकल पायाच्या मापानें बेतावी लागे. शर्यतींत माणसाची ताकद आणि दम यांच्या जोडीला त्याच्या तंगडीची लांबीहि भाग घेई.

मोठ्या चाकाचा आणखी एक गुण होता. त्या काळच्या सायकलींना हवेचे टायर नव्हते. भरीव रबराची पट्टी काय ती चाकावर असे. लहान चाक रस्त्यांतील प्रत्येक खळग्यांत उतरतें आणि प्रत्येक दगडाला अडखळतें. मोठें चाक तोच खळगा ओलांडून जातें. आपल्याकडील बैलगाडीचीं चाकें एवढीं मोठीं ठेवण्याचें कारणहि हेंच. तेव्हां उंच सायकल हा केवळ वेड्यांचा बाजार नव्हता. त्या काळच्या साधनांत वेग आणि सुख या दोन प्रश्नांचें तें एक सुसंगत उत्तर होतें.

उत्तर सुसंगत होतें, पण त्याची किंमत भयंकर होती. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर बसे. त्याचा भार पुढच्या आंसाच्या किंचित मागें येई. चाकाला एखादा दगड अडला, किंवा उतारावर ब्रेक जोरानें दाबला गेला, कीं सारी गाडी स्वारासह पुढच्या आंसाभोंवतीं फिरे आणि स्वार डोक्यावर आपटे. हॅण्डलाची दांडी मांड्यांवरून आडवी गेलेली असल्यामुळें पाय सोडवून उडी टाकणेंहि साधत नसे. अशा पडण्याला इंग्रज स्वारांनीं एक खास नांवच दिलें होतें, यावरूनच तें किती नेहमींचें झालें होतें याची कल्पना येते. मनगटें मोडत, खांदे निखळत, आणि कधीं कधीं प्राणहि जात.

याचा परिणाम असा झाला कीं, सायकल हें तरुण, धट्ट्याकट्ट्या आणि निर्भय पुरुषांचें वाहन होऊन बसलें. मागच्या पायरीवर पाय ठेवून धांवत्या गाडीवर चढणें हें पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला जमण्यासारखें नव्हतें. आणि त्या काळच्या पायघोळ पोशाखांतल्या स्त्रीला तर त्या बैठकीवर बसणेंच अशक्य होतें. अशा लोकांसाठीं तीन चाकांच्या गाड्या निघाल्या. जेम्स स्टार्लीनें केलेल्या एका तीनचाकीच्या दोन गाड्या खुद्द व्हिक्टोरिया राणीनें १८८१ सालीं मागविल्या. परंतु तीनचाकी जड असे, महाग असे, आणि ती ठेवावयास घरांत जागा लागे. ज्याला पायीं कामावर जावें लागे अशा सामान्य माणसाला यांपैकीं कोणतीच गाडी उपयोगाची नव्हती. चाकांच्या विषमतेंतून माणसांचीहि विषमता उत्पन्न झाली होती.

या उंच सायकलीनें पराक्रम मात्र अद्भुत केले. टॉमस स्टीव्हन्स नांवाचा तरुण १८८४ सालच्या एप्रिलच्या २२ तारखेस ५० इंची चाकाच्या सायकलीवर बसून सॅन फ्रान्सिस्कोजवळून निघाला, आणि ऑगस्टच्या ४ तारखेस अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बोस्टन शहरीं पोंचला. पुढील वर्षीं त्यानें इंग्लंड, युरोप आणि तुर्कस्तान ओलांडून इराण गांठलें. १८८६ सालीं अफगाणिस्तानांतून जाण्याचा मार्ग बंद झाल्यावर तो वळसा घालून हिंदुस्थानांत आला, आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्यानें गेला. त्या रस्त्यावरील बैलगाड्यांच्या चाकांइतकेंच किंवा त्यांहूनहि मोठें असें एकच चाक, त्याच्या माथ्यावर बसलेला गोरा माणूस, आणि मागें शेपटासारखें फरफटणारें चिमुकलें चाक, हें दृश्य पाहून वाटेवरच्या खेडुतांना काय वाटलें असेल याची कल्पनाच करावी. चीन आणि जपान यांतून प्रवास करून तो त्याच वर्षीं डिसेंबरच्या १७ तारखेस योकोहामा बंदरीं पोंचला, आणि सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली.

पराक्रम एकट्यादुकट्याचा असतो. वाहन सर्वांचें असावें लागतें. म्हणून १८७८ पासूनच्या सात-आठ वर्षांत कारागिरांनीं उंच सायकलीचा धोका घालविण्यासाठीं नाना प्रकारचे प्रयत्न केले. त्या काळाइतक्या चित्रविचित्र सायकली आधीं कधीं झाल्या नव्हत्या. कोणी पुढचें चाक थोडें लहान केलें, बैठक मागें सरकविली, आणि पाय पोंचावेत म्हणून पेडलांना लांब तरफा जोडल्या. ‘फेसाइल’ ही गाडी अशा प्रकारची होती. तिच्यावर पडण्याचें भय कमी झालें, पण पायांची हालचाल गोल न राहतां उखळांतील मुसळासारखी वरखालीं होऊं लागली.

अमेरिकेंत तर एका कारखान्यानें सगळी रचनाच उलटी केली. न्यू जर्सी प्रांतांतील स्मिथव्हिल येथें १८८१ च्या सुमारास ‘स्टार’ नांवाची सायकल तयार होऊं लागली. तिचें लहान चाक पुढें आणि मोठें चाक मागें होतें. पेडलें फिरवावयाचीं नसत. तीं खालीं दाबलीं कीं चामड्याचा पट्टा ओढला जाई आणि मोठें चाक फिरे. पुढें डोक्यावर पडण्याचें भय यामुळें गेलें. ही गाडी किती स्थिर आहे हें दाखविण्यासाठीं १८८५ सालीं एका स्वारानें ती वॉशिंग्टन येथील कॅपिटल इमारतीच्या पायऱ्यांवरून खालीं उतरविली, आणि त्या प्रसंगाचें छायाचित्रहि काढलें गेलें. तथापि या गाडीचेंहि एक दुखणें होतेंच. चढावर जोर लावला कीं पुढचें हलकें चाक उचललें जाई आणि स्वार मागें कोसळे. एक दोष घालवावयास गेलें आणि त्याचा उलटा दोष पदरांत पडला.

खरी किल्ली निराळ्याच ठिकाणीं होती, आणि ती म्हणजे साखळी. पेडलाला एक मोठें दातेरी चक्र आणि चाकाला एक लहान दातेरी चक्र लावून मध्यें साखळी घातली, तर पायांच्या एका फेरींत चाक दीड किंवा दोन फेरे घेऊं शकतें. ३६ इंची चाक दीड फेरे फिरलें, तर तें ५४ इंची चाकाचें काम करतें. ३० इंची चाक दोन फेरे फिरलें, तर ६० इंची चाकाइतकी मजल मारतें. म्हणजे वेगासाठीं चाक मोठें असण्याची गरजच राहत नाहीं, आणि स्वाराच्या पायाच्या लांबीचा तर प्रश्नच मिटतो. हन्स रेनोल्ड यानें मँचेस्टर येथें १८८० सालीं रुळांच्या साखळीचें पेटंट घेतलें, तेव्हां सायकलीला टिकाऊ आणि सहज फिरणारी साखळी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

हिलमन याच्याच कंपनीनें १८८४ सालीं ‘कांगारू’ नांवाची सायकल काढली. तिचें पुढचें चाक ३६ इंचांचें असून त्याच्या दोन्ही बाजूंस दोन साखळ्या होत्या. त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत जॉर्ज स्मिथ यानें या गाडीवर १०० मैलांचें अंतर ७ तास ११ मिनिटांत तोडलें. उंच सायकलीचे अभिमानी त्या बुटक्या गाडीची चेष्टा करीत होते. त्यांना हें उत्तर पुरेसें होतें. परंतु कांगारूचा भार अजूनहि पुढच्या चाकावरच होता, आणि दोन साखळ्या ढिल्या झाल्या कीं पेडलें अडखळूं लागत.

साखळी मागच्या चाकाला जोडावी, ही कल्पना हॅरी लॉसन याला आधींच सुचली होती. १८७९ सालीं त्यानें जिचें पेटंट घेतलें, त्या गाडीचें पुढचें चाक ४० इंचांचें आणि मागचें २४ इंचांचें होतें. स्वार दोन चाकांच्या मध्यें बसे आणि साखळीनें मागचें चाक फिरवी. आजच्या सायकलीचें सारें मर्म तिच्यांत होतें. पण लोकांना ती कुरूप वाटली. त्यांनीं तिला ‘मगर’ म्हणून हिणविलें, आणि ती खपली नाहीं. तिचें ‘बिसिक्लेट’ हें नांव मात्र टिकलें. फ्रेंच भाषेंत सायकलीला तोच शब्द रूढ झाला आहे. गाडी विस्मृतींत गेली आणि तिचें नांव घरोघर पोंचलें, असा हा विचित्र योग.

लॉसनला जें साधलें नाहीं, तें जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली यानें साधलें. १८८५ सालीं त्याची ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आली. आरंभीं तिचेंहि पुढचें चाक मागच्याहून मोठें होतें. थोड्याच सुधारणांनंतर दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं झालीं. कांगारूच्याच मार्गानें रोव्हरनेंहि आपली परीक्षा दिली. १८८५ च्या सप्टेंबरांत त्याच जॉर्ज स्मिथनें तिच्यावर बसून १०० मैल ७ तास ५ मिनिटांत तोडले. आतां बसणाऱ्याचे पाय जमिनीला पोंचत होते, डोक्यावर पडण्याचें भय उरलें नव्हतें, आणि वेगहि हातचा गेला नव्हता.

एक उणीव राहिली होती. लहान चाकें भरीव रबरावर फारच हादरत. ती उणीव बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें भरून काढली. आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं केलेल्या हवेच्या टायरचें पेटंट त्यानें १८८८ सालीं घेतलें. वस्तुतः रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ सालींच ही कल्पना मांडली होती, आणि ती उजेडांत आल्यावर डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. परंतु सायकलीच्या हातीं हवेचा टायर पोंचविण्याचें श्रेय डनलॉपचेंच. १८८९ च्या मे महिन्यांत बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम हा हवेच्या टायरांवर बसून जिंकला, आणि जाड टायरांना हंसणारे लोक गप्प झाले. मोठ्या चाकाचे वेग आणि सुख हे दोन्ही गुण लहान चाकानें मिळविले. मग मोठ्या चाकाचें प्रयोजनच संपलें. थोड्याच वर्षांत उंच सायकलींची निर्मिति जवळजवळ थांबली.

सायकलीची किंमत उतरत गेली. स्त्रिया, कारकून, शिक्षक, गिरणीकामगार यांना ती लाभली. पुण्यासारख्या नगरांत तर पुढें ती घरोघरचें वाहन झाली आणि त्या शहराला सायकलींचें शहर असें नांव मिळालें. विषम चाकांनीं जें मूठभर धाडसी पुरुषांपुरतें ठेवलें होतें, तें सम चाकांनीं सर्वांना वांटून दिलें. सायकलीच्या इतिहासांतील ही सर्वांत मोठी घटना आहे.

परंतु समता ही एकदां उपयोगाची ठरली, म्हणजे ती सर्वत्र आवश्यकच आहे असें होत नाहीं. जेथें काम निराळें, तेथें चाकेंहि निराळीं, हें तत्त्व गरीब कामकऱ्यांच्या सायकलींनीं कधींच सोडलें नाहीं. विलायतेंत किराणा आणि पाव पोंचविणाऱ्या पोरांना जी सायकल मिळे, तिचें पुढचें चाक मुद्दाम लहान असे. त्याच्यावर मोठी टोपली बसे आणि ओझें खालीं राहिल्यामुळें तोल जात नसे. डेन्मार्कमध्यें १९२० नंतरच्या दशकांत ‘लाँग जॉन’ नांवाची लांबलचक सायकल निघाली. तिचें लहान चाक पार पुढें, मोठें चाक स्वाराखालीं, आणि मधल्या सखल फळीवर माल ठेवावयाचा. अशा बांधणीच्या सायकलींवरून युरोपांतील आईबाप मुलांना शाळेंत नेतांना दिसतात. मोटरसायकलीच्या मागोमाग धांवण्याच्या शर्यतींतहि स्वाराला पुढील गाडीच्या शक्य तितकें जवळ जातां यावें, म्हणून पुढचें चाक लहान ठेवून त्याचा चिमटा उलटा वळवीत. या सर्व सायकली विषम होत्या, आणि प्रत्येकीच्या विषमतेला कारण होतें.

प्रश्न उत्पन्न झाला तो विक्रमांच्या क्षेत्रांत. फ्रान्समधील शार्ल मोशे यानें लहान चाकांची, आणि स्वारानें आरामखुर्चींत टेकावें तसें रेलून पाय पुढें करून चालवावयाची सायकल तयार केली. तींत स्वाराचें शरीर वाऱ्याला कमी अडे. १९३३ सालच्या जुलैच्या ७ तारखेस फ्रान्सिस फॉर या स्वारानें पॅरिसमध्यें तिच्यावर एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. ऑस्कर एग याचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम १९१४ सालापासून अबाधित होता, तो मोडला. फॉर हा पहिल्या प्रतीचा स्वार गणला जात नव्हता, आणि तेंच अनेकांना खुपलें. विक्रम माणसाचा कीं यंत्राचा, असा वाद माजला. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानें सायकलीची नवी व्याख्या केली, ती १ एप्रिल १९३४ पासून अमलांत आली, आणि मोशेची गाडी सायकलींच्या पंक्तींतून उठविली गेली. मोशे त्याच वर्षीं वारला. फॉरनें मात्र हट्ट सोडला नाहीं. १९३९ च्या मार्च महिन्यांत त्या गाडीला वारा कापणारें कवच घालून त्यानें एका तासांत ५० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. परंतु अधिकृत सायकलींच्या विक्रमांत त्या अंतराला स्थान मिळालें नाहीं.

लहान चाकाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती इंग्रज इंजिनियर अलेक्स मोल्टन यानें. १९५६ सालच्या सुएझच्या पेंचप्रसंगांत पेट्रोल मिळेनासें झालें, तेव्हां त्याचें लक्ष सायकलीकडे वळलें. रबराचा धंदा त्याच्या घराण्यांतच होता, आणि मिनी मोटरीला रबराचे धक्कासह झेलणे त्यानेंच योजून दिले होते. लहान चाकाचे हादरे रबरानें शोषून घ्यावे आणि टायर कडक फुगवून त्याचें घर्षण कमी करावें, या विचारानें त्यानें १६ इंची चाकांची सायकल केली. एका मोठ्या कारखान्यानें ती नाकारल्यावर त्यानें स्वतःच कारखाना काढला आणि १९६२ च्या नोव्हेंबरांत ती प्रदर्शनांत मांडली. पुढच्याच महिन्यांत जॉन वुडबर्न या स्वारानें तिच्यावर कार्डिफ ते लंडन हें अंतर तोडून विक्रम केला. लहान चाक म्हणजे पोराटोरांचें खेळणें, हा समज त्या दिवशीं खोटा ठरला. गंमत अशी कीं, १९६९ पासून निघालेली १६ इंची पुढचें आणि २० इंची मागचें चाक असलेली ‘चॉपर’ सायकल खरोखरच मुलांसाठीं होती, आणि तिनें एका पिढीच्या बाळपणाला वेड लावलें.

नियम आणि कल्पकता यांची दुसरी झुंज १९८४ सालीं जुंपली. फ्रान्सेस्को मोझर या इटालियन स्वारानें त्या वर्षीं जानेवारींत मेक्सिको शहरीं एका तासांत ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडलें. एडी मर्क्स याचा १९७२ चा विक्रम ४९.४३१ किलोमीटरांचा होता. मोझरच्या सायकलीचीं चाकें आरे नसलेलीं, थाळीसारखीं सपाट होतीं, आणि पुढचें चाक मागच्याहून लहान होतें. पुढचें चाक लहान केलें कीं स्वार अधिक वांकतो आणि वाऱ्याला कमी अडतो. त्यानंतर कांहीं वर्षें शर्यतींतून अशा विषम चाकांच्या सायकलींची रीघ लागली. महासंघाला पुन्हां तीच धास्ती वाटली. १९९६ सालीं लुगानो येथें त्यानें जाहीर केलें कीं, खेळांत माणूस यंत्राहून श्रेष्ठ राहिला पाहिजे. आणि २००० सालापासून अमलांत आलेल्या नियमांत सायकल म्हणजे समान व्यासाच्या दोन चाकांचें वाहन, अशी व्याख्या झाली. त्याच वर्षीं मोझर आणि त्याच्यानंतरचे तासाचे विक्रम बाजूस काढून मर्क्सचाच विक्रम प्रमाण धरण्यांत आला.

या निर्णयाला दुसरी बाजू नाहीं असें नाहीं. ज्या देशाजवळ पैसा आणि प्रयोगशाळा आहेत त्यानेंच शर्यत जिंकावी, हें खेळाच्या न्यायाला धरून नाहीं. गरीब देशाच्या स्वाराला निदान यंत्र तरी सारखें मिळावें, हा हेतु योग्यच म्हटला पाहिजे. परंतु व्याख्या करणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. सम चाकांची सायकल ज्या दहा वर्षांत जन्मास आली, त्या दहा वर्षांत कोणी चाकांचें माप कायद्यानें बांधून टाकलें असतें, तर तें पेनी-फार्दिंगचें माप झालें असतें. रोव्हर नियमबाह्य ठरली असती, आणि स्त्रिया व वृद्ध तीनचाकीवरच राहिले असते.

कालांतरानें महासंघालाहि हें अंशतः मान्य करावें लागलें. डोंगरांतील खडकाळ वाटांवरून उतरण्याच्या शर्यतींसाठीं २०१९ सालीं त्यानें समान व्यासाची अट शिथिल केली. लगेच स्वारांनीं पुढें २९ इंची आणि मागें साडेसत्तावीस इंची चाक बसविलें. पुढचें मोठें चाक दगडधोंड्यांवरून सहज जातें, आणि मागचें लहान चाक चपळपणें वळतें. त्याच वर्षींची पुरुषांची जागतिक अजिंक्यस्पर्धा लोइक ब्रूनी या फ्रेंच स्वारानें अशाच विषम चाकांवर जिंकली. खळगे ओलांडण्यासाठीं पुढचें चाक मोठें असावें, हें तर उंच सायकलीच्या कारागिरांनीं दीडशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें.

रथाचीं दोन चाकें सारखीं असावींत, ही उपमा खोटी नाहीं. तीं एका आंसाला बांधलेलीं असतात. पायगाडीचीं चाकें मात्र एकमेकांस बांधलेलीं नसतात. एक वाट शोधतें आणि दुसरें रेटा देतें. ज्याचें त्याचें काम ज्याला नीट करतां येईल, तें त्याचें योग्य माप. हें माप कारखान्यांत आणि रस्त्यावर ठरत आलेलें आहे, आणि तेथेंच तें पुढेंहि ठरेल.